दोन मापांची डोकी

माझे भाऊजी कशाकशाला घाबरत नाहीत हे सांगणं सोपं आहे, कारण ती यादी फार लहान आहे. कुत्रं, लिफ्ट, गॅसची शेगडी, उघडी खिडकी, बंद खिडकी, अनोळखी माणसानं वाजवलेली बेल, सगळ्याला घाबरायचे. फोन वाजला की दचकायचे, आणि बराच वेळ वाजला नाही की त्याहून जास्त. ताईशी लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा आईनं पुढे केलेल्या पेल्याकडे बघून त्यांनी विचारलं होतं, "पाणी उकळलेलं आहे ना?" आईचं डोकं असं सणकलं की विचारू नका. ताई मात्र पोट धरून हसली. तो पेला तिनं स्वतःच घटाघटा रिकामा केला आणि म्हणाली, "आता थोडा वेळ थांबा. मी मेले नाही तर तुम्ही प्या." ते खरोखर थांबले.

आणि असा माणूस पोटासाठी काय करत होता? इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवत होता! वरच्या मजल्यांवरून रुग्णांचा पू, थुंकी, लघवी त्यांच्याकडे येई. त्यातलं टोकभर ते काचेच्या प्लेटमधल्या जेलीवर पसरत, प्लेट उबेला ठेवत, आणि तिच्यावर जे उगवे त्याचं नावगाव शोधून कोणतं औषध त्याला मारतं ते डॉक्टरांना कळवत. प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'झाकण' म्हणत. कुणाच्याही हातातली बाटली क्षणभर उघडी दिसली की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून हाक यायची, "झाकण!" मी तर त्यांना तोंडावरच झाकणभाऊजी म्हणे. ते रागावत नसत. फक्त विचारत, "धाकटे, हात धुतलेस का?"

माझं शिवणाचं दुकान इस्पितळासमोरच्या गल्लीत. दुपारच्या सुट्टीत ते डबा घेऊन माझ्याकडे येत, कारण प्रयोगशाळेच्या जेवणघरात त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मी कापड बेतायची, ते एकेक घास चावून चावून खायचे. गिऱ्हाईक शिंकलं की डब्यावर झाकण.

ताई म्हणजे अगदी दुसरं टोक. ती जलतरण तलावावर पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरून काठाला चिकटलेल्या बायकांना ती गोड बोलून मधोमध नेई आणि हात सोडून देई. तिच्या मते भीती हा नुसता लाडावलेपणा होता, आणि तिच्या घरात तो एकाच माणसाला परवडत होता. वर्षानुवर्षं हे असं चाललं, आणि मला विचाराल तर चांगलं चाललं.

मग ताई दुचाकीवरून घसरली. नडगीचं हाड मोडलं, आत पोलादी पट्टी बसवली आणि त्या पट्टीवर जंतू येऊन बसला. तोच जंतू, जो तुमच्याआमच्या नाकात आणि कातडीवर मुकाट राहत असतो. हाडापर्यंत पोहोचला की तो कुणाचं ऐकत नाही. जखम वरून खपली धरायची आणि आतून पू सोडायची. एक औषध दिलं, जंतू त्याला पुरून उरला. दुसरं दिलं, त्यालाही त्यानं भीक घातली नाही. पट्टी काढली तरी तो हाडातच राहिला. तो जंतू प्लेटवर वाढवून बघण्याचं काम कुणाकडे आलं असेल? भाऊजींकडेच. नळीवर बायकोचं नाव, आणि आत हे. त्या दिवसांत त्यांचा डबा तसाच परत जायचा.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "जंतू रक्तात उतरायच्या आत गुडघ्याखालून पाय काढू." त्यांनी तारीखही दिली. ताईनं मान हलवली आणि विचारलं, "दुसरं काहीच नाही?"

दुसरं होतं, आणि ते भाऊजींच्याच प्रयोगशाळेत होतं. तिथल्या प्रमुखांना सगळे मॅडम म्हणत. मोठ्या विद्वान बाई, पण चष्मा नेहमी डोक्यावर आणि शोध सगळ्या टेबलांवर. त्या फेजवर काम करत होत्या. फेज म्हणजे जंतूंना होणारा विषाणू. माणसाला तो काही करत नाही, पण त्याच्या जातीचा जंतू दिसला की सोडत नाही. ज्यांच्यावर कुठलंच औषध चालत नाही अशा काही रुग्णांना त्यांनी रीतसर परवानगी काढून फेज दिले होते, आणि काही बरेही झाले होते.

मला हे भाऊजींनी माझ्या कापायच्या टेबलावर समजावलं. फेज जंतूच्या अंगावर बसतो आणि आपला धागा, म्हणजे स्वतःला पुन्हा बनवायची कृती लिहिलेलं सगळं बाड, आत सोडतो. त्यानंतर जंतूचं स्वतःचं काम बंद. त्याच्याच सामानातून फेजची नवी डोकी आणि नव्या शेपट्या बनू लागतात. डोकं म्हणजे पोकळ पिशवी. प्रत्येक पिशवीत फेजचा एकेक धागा ठासून भरला जातो, मग जंतू फुटतो आणि शेकडो फेज बाहेर.

"म्हणजे मशीन त्याचं, दोरा त्याचा, कपडे मात्र ह्याचे," मी म्हणाले.

"हो," भाऊजी म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते जरासे हसले. "अगदी तसंच."

आता फेज वाढवायचे तर त्यांना खायला जंतू हवाच. प्रयोगशाळेत त्यासाठी एक जंतू खास राखून ठेवला होता. त्याला 'साधा' म्हणत, कारण तपासून तपासून त्याच्या पोटात भलतंसलतं काही नाही याची खात्री केलेली होती. रुग्णासाठीचे फेज साध्यावरच वाढवायचे, असा तिथला शिरस्ता. शिवाय एक 'पिवळा' होता. विद्यार्थ्यांना फेजचं काम दाखवायचं झालं की पिवळा काढायचा, कारण त्याच्यावर फेज असा काही माजायचा की प्लेट बघत राहावी. पिवळा कुठून आला हे कुणी विचारत नसे. फ्रीझरमध्ये तो सगळ्यांच्या आधीपासून होता.

ताईच्या जंतूला मारणारा फेज सापडला. पण साध्यावर तो वाढेना. पुन्हा पुन्हा लावला तरी पाण्यासारखा पातळ. तिकडे पाय काढायची तारीख जवळ येत चालली होती. भित्रा माणूस घाई करत नाही असा माझा आपला समज होता, पण भाऊजींनी घाई केली. त्यांनी पिवळा बाहेर काढला. त्यांचा हिशोब सरळ होता. जंतू शेवटी फुटून मरणारच, त्याची राहिलेली घाण गाळणीत अडकणार, खाली उतरणार तो नुसता फेज. मग त्यानं कुणाच्या घरचं खाल्लं याला काय महत्त्व? त्यांनी नळ्या स्वच्छ धुतल्या, झाकणं तीनतीनदा तपासली, हात लाल होईपर्यंत धुतले. मॅडमना म्हणाले, "या वेळी दाट आलाय." मॅडम म्हणाल्या, "वा!" आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

जखमेत फेज सोडायला सुरुवात झाली. रोज सकाळी एक नळी. काही दिवसांतच पू आटला, कडेनं गुलाबी मांस दिसायला लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. ताई उठून बसली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला कोरड्या जमिनीवरच हात कसे मारायचे ते शिकवू लागली. भाऊजी तर एकदा लिफ्टनं वर गेले. मी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

प्रयोगशाळेचे पांढरे कोट माझ्याकडेच शिवायला असतात. त्या संध्याकाळी मी मॅडमच्या नव्या कोटाचं माप घ्यायला गेले होते. भाऊजी कोपऱ्यात प्लेटा मांडत होते. मॅडमनी फेजचा एक थेंब मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायला एका संस्थेत पाठवला होता, आणि तो फोटो नुकताच संगणकावर आला होता. "या, बघा तुमच्या भाऊजींचे पहिलवान," त्या कौतुकानं म्हणाल्या. करड्या पडद्यावर बारीक बारीक आकृत्या पसरल्या होत्या, कोनेदार डोकं आणि खाली शेपूट. मी टेप त्यांच्या खांद्याला लावून उभी होते, म्हणून मला कळलं. तो खांदा एकदम ताठ झाला.

"ही डोकी लहान कशी?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मीही पाहिलं. डोकी दोन मापांची होती. काही मोठी, आणि त्यांच्यात मिसळलेली कितीतरी लहान.

"झाकण," मॅडमनी न वळता विचारलं, "हा कशावर वाढवला?"

भाऊजींच्या हातातली प्लेट टेबलावर टेकली. "पिवळ्यावर," ते म्हणाले. "साध्यावर येत नव्हता, म्हणून."

मॅडम खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू आवाजात सांगू लागल्या.

काही जंतूंच्या पोटात, त्यांच्या स्वतःच्या बाडात, एक उपटसुंभ तुकडा शिवलेला असतो. उपटसुंभ हा शब्द माझा, मॅडमचा शब्द मला धड उच्चारता येत नाही. तो ना जंतूचा, ना फेजचा. एरवी पडून असतो. पण फेज आत आला की त्याला जाग येते. तो टाके उसवून मोकळा होतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि फेजच्या पिशव्या पळवतो. त्याचा धागा आखूड, म्हणून पिशव्याही तो आपल्या लहान मापाच्या बनवून घेतो. गाळणीला बाहेरून फरक कळत नाही, कारण अंगरखा फेजचाच असतो. मग ही लहान डोकी नव्या जंतूवर जाऊन बसतात आणि आतलं सोडतात. पण त्यांच्यात फेज नसतोच. म्हणून तो जंतू मरत नाही. तो उपटसुंभाला आपल्या बाडात जागा देतो आणि मजेत जगतो.

"आणि पिवळ्याच्या पोटात काय होतं?" मी विचारलं. उत्तर नको होतं, तरी विचारलं.

मॅडम फ्रीझरच्या खोलीत गेल्या, कुणाला तरी फोन केला, बराच वेळ बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता. पिवळा मूळचा एका मुलीचा. साधं गळू घेऊन आलेली पोर, आणि बघता बघता तिचा ताप चढला, अंग भाजल्यासारखं लाल झालं, रक्तदाब कोसळला. जंतूनं विष सोडलं होतं. पोर वाचली, पण तिच्या तळहातांची साल निघाली. "त्या विषाची कृती अशाच फिरत्या तुकड्यावर असते," मॅडम म्हणाल्या.

भाऊजी जमिनीवर बसले. मी धावले तर म्हणाले, "मला हात लावू नकोस." मला आजवर त्यांच्या भीतीचं हसू येई. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्याकडे बघूनच भीती वाटली.

त्याच संध्याकाळी फेज देणं थांबवलं. ताईच्या जखमेत बोळा फिरवून पुन्हा नमुना घेतला, त्यातले उरलेले जंतू वाढवायला लावले आणि त्यांच्यात विषाचा तुकडा आहे का याची चाचणी ठेवली. मॅडम म्हणत होत्या, काम दुसरं कुणीतरी करेल, तुम्ही घरी जा. भाऊजी गेले नाहीत. उत्तर आलं तेव्हा मी तिथंच होते. तपासलेल्या जंतूंत बरेचसे अजून पहिल्यासारखे होते. पण काहींत तो तुकडा होता.

ताईला कोण सांगणार? मॅडम म्हणाल्या, जबाबदारी माझी, मी सांगते. भाऊजींनी नकार दिला. ते जिन्यानं वर गेले, मी मागून. प्रत्येक वळणावर थांबत होते, कठडा धरत होते. ताई खाटेवर केस विंचरत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साध्याचं, पिवळ्याचं, लहान डोक्यांचं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. "तुझ्या पायात जो नुसता पू करणारा जंतू होता, त्याला मी विष करायला शिकवलं," ते म्हणाले. "पाय आता ठेवता येणार नाही. आणि तो काढला तरी उशीर झाला का, ते माहीत नाही."

ताईचा कंगवा केसांतच राहिला. "तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही केलंत?"

"मीच."

"घरातलं प्रत्येक झाकण तपासणारा माणूस तुम्ही!" एवढंच बोलून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून तिनं भाऊजींशी बोलणं टाकलं.

शस्त्रक्रिया व्हायच्या आधीच ताप आला. ताईचं अंग तांबडं झालं, ओकाऱ्या सुरू झाल्या, मला ओळखेना. पाय काढला, रक्तात औषधं सोडली, विषावर उतारा म्हणून दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं काहीतरी सलाइनमधून दिलं. आम्ही दोघं काचेच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिलो. आत यंत्राची टिकटिक जरा बदलली की भाऊजी माझं मनगट धरत, आणि त्यांची बोटं बर्फासारखी गार लागत. मला देव आठवेना, शिव्या आठवेनात, काहीच आठवेना. एकदा मी चिडून म्हणाले, "काहीतरी बोला हो!" ते म्हणाले, "मी बोललो आणि तेवढ्यात आत काही झालं तर?"

ताप उतरला, पण हळूहळू, मोठे आढेवेढे घेत. रक्तदाब सावरला. ताईच्या तळहातांची साल निघू लागली तेव्हा डॉक्टर खूश झाले, म्हणे जीव वाचल्याची खूण. मी ती साल कागदात गोळा केली आणि मोरीत जाऊन रडले.

जीव वाचला, पण अबोला काही सुटला नाही. भाऊजी रोज यायचे, दाराशी उभे राहायचे. "त्यांना सांग, डबा ठेवून जा म्हणावं," ताई मला सांगायची, ते ऐकू येण्याच्या अंतरावर असताना. ते डबा ठेवायचे आणि जायचे. प्रयोगशाळेत चौकशी झाली, मॅडमनी दोष वाटून घेतला, पिवळा नष्ट केला. यातलं काही ताईनं विचारलं नाही.

मग तिला कृत्रिम पाय लावून उभं करायचा दिवस आला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वॉकर पुढे ठेवला, तिला दोन्ही हातांनी तो धरायला लावला आणि उठवलं. "छान. आता वॉकर जरा पुढे, मग पाऊल," बाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. ताई उभी राहिली ती राहिलीच. मी म्हटलं, "चल की, तू तर कितीतरी जणींना खोल पाण्यात ढकललंयस." ती हलेना. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. तिला काय होतंय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"अहो," ती दाराकडे बघून म्हणाली. "अहो, मला भीती वाटतेय."

भाऊजी आत आले. त्यांनी तिला हात लावला नाही. "कुठं वाटतेय?" त्यांनी विचारलं.

"कुठं म्हणजे?"

"पोटात? की हातात?"

ताईनं विचार केला. "पोटात. आणि हातात पण."

"मग थांब थोडी. ती घालवायला जाऊ नकोस, जात नाही. लांबचं बघू नकोस. हाताशी काय आहे तेवढंच बघ. हा दांडा आहे, ही फरशी आहे. झालं."

ताईनं दांड्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. वॉकर बोटभर पुढे सरकला. तिनं एक पाऊल टाकलं आणि धापा टाकत थांबली.

"तुम्हाला रोज असं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"लहानपणापासून?"

"हो."

"मग कधी सांगितलं नाहीत ते?"

भाऊजींनी खरंच आठवून पाहिलं. "सांगत होतो की," ते म्हणाले. "तुम्ही दोघी हसायचात."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पुढचं पाऊल टाकायला तिनं वॉकरवरचा एक हात सोडला आणि त्यांचा दंड धरला.